वेळ, जागा, काय दिसलं

मकरंदला सीसीटीव्ही ऑपरेटरचं लायसन्स हवं होतं. त्याआधी ट्रेनिंगची परीक्षा होती, म्हणून पापाकुरा या परदेशातल्या उपनगरातल्या घरात रोज संध्याकाळी नऊ वर्षांची इरावती बाबाची उजळणी घ्यायची.

"डॅड, स्क्रीनवर मारामारी दिसली. व्हॉट डू यू डू?"

"आपण मध्ये पडायचं नाही. वेळ लिहायची, जागा लिहायची, जे दिसलं तेवढंच लिहायचं. मग पोलिसांना फोन."

"करेक्ट!" म्हणून ती आपल्या वहीत काहीतरी लिहायची. तिची आई मृदुला ओट्यापाशी पाठमोरी उभी असायची. तिथल्या जानेवारीतल्या ऐन उन्हाळ्याच्या उकाड्यातही लांब बाह्यांचा स्वेटर घालून.

लायसन्स हातात पडलं त्याच आठवड्यात दारात दोन पोलीस आले. लायसन्सचीच काही चौकशी असेल, असं वाटून मकरंद हसून तिथल्या पद्धतीने "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाला. तेवढ्यात इरावती त्याच्या बाजूने पुढे झाली आणि तिने आपली वही उघडून त्यांच्या हातात दिली. पानावर इंग्रजीत, नीट वळणदार अक्षरात लिहिलं होतं:



'सोमवार, सहा वाजून दहा मिनिटं. किचन. डॅडने आईला मारलं. मी मध्ये पडले नाही.'