बर्फातली बाळंतीण

"काहून बोंबलून राहिला गा? घरात बाळंतीण हाय ना!"

सत्यवतीबाई गॅलरीतून कडाडल्या, तसा भंगारवाल्याने ठेल्यावरचा भोंगा मुकाट्याने बंद केला. नंदनवन वस्तीतली ती गल्ली पुन्हा दुपारसारखी शांत झाली. आत लॅपटॉपसमोर बसलेल्या मेघाला हसू आलं.

"आई, गार्गी तीन महिन्यांची झाली. आता कसली बाळंतीण मी?"

"तू चूप बस वं. मी म्हनतो तोवर हायेस," म्हणत सासूबाईंनी नातीला पायांवर घेतलं.

रजा संपली आणि मेघाने घरूनच काम धरलं. दूर अलास्कात बर्फावरून विमान फिरतं, त्याचा कॅमेरा नुसती ऊब टिपतो. चित्रात काळ्या दिसणाऱ्या बर्फात कुठे फिकट ठिपका दिसला, तर खाली ध्रुवीय अस्वलाची मादी बीळ करून व्यालेली असू शकते. तेल शोधणाऱ्यांच्या ट्रकचा रस्ता तिच्यावरून जाऊ नये, एवढं मेघाने बघायचं.

आज असा एक ठिपका होता. नेमका रस्त्यावरच.

पुण्याहून तिच्या साहेबांचा, प्रीतमसरांचा फोन आला. "मेघा, तिकडे उजाडायच्या आत ट्रक निघतील. लवकर कळव. आणि हे बघ, मागच्या खेपेला तू बीळ म्हणालीस आणि दगड निघाला. पुन्हा तसं झालं, तर तुझी बाजू मला घेता येणार नाही."

"आणि मी दगड म्हटलं, अन् बीळ निघालं तर, सर?"

"म्हणून तर तुला विचारतोय."

तेवढ्यात गार्गी रडायला लागली. मेघाने तिला पदराखाली घेतलं आणि दुसऱ्या हाताने मागच्या आठवड्याचं चित्र उघडलं. त्यात ठिपकेच ठिपके होते. उघडे दगड, उघडी माती, काय नि काय. मग आजचं चित्र शेजारी ठेवलं. मधल्या दिवसांत थंडी भयंकर वाढली होती. दगड-माती निवली, तसे बाकीचे ठिपके विझत गेले होते.

हा एक मात्र होता तसाच होता.

तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. तसाच.

"काय होय वं हे?" सत्यवतीबाई चष्मा सावरत वाकल्या. "बर्फात कोनं शेगडी ठेवली काय?"

"शेगडीच म्हणा, आई. आत अस्वलीण आहे, पिल्लं घेऊन. तिच्या अंगाची ऊब वरपर्यंत आलीय."

"मंग बाहीर नाई निंगत ते?"

"थंडी सरेपर्यंत नाही. स्वतः काही खात नाही, नुसती पाजत राहते."

सत्यवतीबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग एकदम तडकल्या, "अन् तिच्या डोक्यावरून ट्रक नेऊन राहिले? काई समजते का नाई त्यायले!"

मेघाने लिहिलं, 'बहुतेक बीळ आहे.' मग 'बहुतेक' खोडलं. 'बीळ आहे. रस्ता मैलभर लांबून न्यावा.' खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. पदराखाली गार्गी चुटूचुटू पीत होती.

चहा झाला, लंगोट वाळत घातले, तेव्हा कुठे उत्तर आलं. प्रीतमसरांनी लिहिलं होतं, 'मीही दोन्ही चित्रं लावून बघितली. शाब्बास, मेघा.' सोबत नकाशा होता. रस्त्याची लाल रेघ सरळ येत होती, ठिपक्याच्या खूप अलीकडेच वळत होती आणि त्याला मोठा वळसा घालून पुढे जात होती.

मेघाने लॅपटॉप सासूबाईंपुढे धरला. त्यांनी त्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं. मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

एवढ्यात खाली पुन्हा भोंगा वाजला. सत्यवतीबाई पदर खोचत गॅलरीत गेल्या.

"ए भाऊ, तिकडून जा गा! माह्या सुनेनं बर्फातले ट्रक वळवले आज, तुह्या ठेल्याचं काय घेऊन बसला!"

भंगारवाल्याला यातलं काही कळलं नसावं. त्याने मान वर करून पाहिलं, भोंगा बंद केला, ठेला वळवला आणि मागच्या गल्लीने लांबून निघून गेला.