मरणाचं कारण

किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला की फोन तिलाच यायचा. चिरफाड करून मरणाचं कारण शोधायचं, हेच तिचं संशोधन. आजही ती सुऱ्यांची पेटी घेऊन पोचली, माशाच्या डोक्याशी वाकली आणि फस्सकन गरम वाफ तिच्या तोंडावर आली.

"अहो, जिवंत आहे हा! बादल्या आणा! नाकात पाणी जाऊ देऊ नका!" ती मच्छीमारांवर ओरडली.

भरती येईपर्यंत सगळे त्याच्यावर पाणी ओतत राहिले. पाणी चढलं, शेपूट हललं आणि तो खोल समुद्रात निघून गेला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "कशानं मेला गं?"

चिंब भिजलेली ती वाळूतच फतकल मारून बसली होती. हसता हसता तिला रडूच फुटलं.

"अरे, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझा पेशंट पळाला!"