खांबांची वाट

"तासाभरात माथा गाठला नाही, तर मुकाट्यानं माझ्याबरोबर शहरात यायचं. छाती तपासून घ्यायची. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय गं बाई," बाबा म्हणाले आणि तिसऱ्या खांबापाशी बुटाची नाडी बांधायला वाकले.

लेक शेजारच्या दगडावर टेकली. नाडी म्हणे! पहिल्या खांबापाशी सुटली, दुसऱ्यापाशी सुटली. म्हातारा दमला होता, पण कबूल करील तर शपथ.

तीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात मुकादमकी केलेली. ती धूळ छातीतून जाणार कुठे? कारखाना बंद पडला, निम्मं गाव उठून गेलं, आणि यांना डोंगरवाटांचं खूळ लागलं. खाणीतून तारेवरून दगड आणणारे पाळणे केव्हाच भंगारात गेले होते, नुसते खांब उरले होते. त्यांच्या कडेकडेनं यांनी वाट काढली, पांढरे बाण रंगवले. आता सुट्टीत येणाऱ्यांना वर घेऊन जातात. वय वर्षं बहात्तर! परवा आल्यापासून ती कानीकपाळी ओरडत होती, आणि हे ढिम्म.

सहाव्या खांबापाशी पुन्हा नाडी.

"बाबा, बसा ना घटकाभर."

"तू बस. मी आपला उभाच बरा."

काय हा हट्ट! तिनं उरलेलं पाणी घटाघटा संपवलं. पैज ती जिंकणार हे उघड होतं, पण आनंद कसला, रडूच येत होतं. आई गेली. आता यांना काही झालं तर?

माथ्यावर पोचायला पावणेदोन तास लागले. तिथं कारखान्यातला जुना फिटर चहाची टपरी चालवत होता.

"काय मुकादम, आज एवढा उशीर? एरवी पाऊण तासात येता!"

"तू चहा टाक," बाबा म्हणाले.

फिटर कसला गप्प बसतोय! "नाडी बांधत बसले असतील, ताई. कामावरही हेच. कुणाला धाप लागली, तर त्याला दमलास असं कधी म्हणायचे नाहीत. स्वतःच थांबायचे, नाडी बांधायला."

लेकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. ती मटकन बाकावर बसली.

"पैज हरलो बुवा," तिच्या पाठीवरून हात फिरवत बाबा म्हणाले. "येतो शहरात. बॅग परवाच भरलीय, तू जिना चढून वर आलीस ना, तेव्हा. डॉक्टरांची वेळही घेतलीय. तुझ्या नावानं."