जवळचंही, लांबचंही

"पंगतीत बसलेली माणसं आन् पाठीमागच्या भिंतीवरचा फोटो, दोनी साफ यायला पायजेत," हरणाबाई म्हणाल्या. "तेवढंच शिकवा."

मोहिद्दीनने कपाळाला हात लावला. सांगलीत स्टुडिओ काढून त्याला सतरा वर्षं झाली होती, पण कॅमेरा शिकायला आलेली ही पहिलीच बाई. तीही पन्नाशीची, कॉलेजच्या वसतिगृहात भाकऱ्या थापणारी. बरं, शिकायचं तर सगळं शिकावं. हिला एकच फोटो काढायचा होता.

"कसली पंगत, अक्का?"

"जतकडं आमच्या गावाला वर्षश्राद्ध हाय. घरातल्याच एका बाईचं. तिच्या वाटणीची चार एकर भावांनी लाटली, नाथाजीनं आन् लालासाहेबानं. ज्यानं ती मेल्याचं कागद केलं त्यो तलाठीबी जेवायला येणार हाय."

"मग मामलेदाराकडं जावा की."

"दोनदा गेले. तोंडचं कोण ऐकतंय? पुरावा आणा म्हणत्यात."

"जेवणाच्या फोटोनं काय शाबीत होणार?"

"व्हईल. तुमी शिकवा."

मोहिद्दीनला राग आला आणि गंमतही वाटली. बाई हट्टाला पेटली होती. तो म्हणाला, "मीच येतो ना तिकडं. काढून देतो."

"तुमच्या हातातनं रोल हिसकून घेत्याल. माझ्या अंगाला हात लावायला कुणी धजायचं न्हाई."

तिच्या बोलण्यात जराही बढाई नव्हती. मोहिद्दीनने कपाटातला जुना कॅमेरा काढला.

रोज दुपारी, खानावळीची भांडी घासून झाली की हरणाबाई यायच्या. भिंगाचं भोक मोठं केलं की एकच माणूस साफ येतो आणि मागचं पुसट होतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. भोक बारीक केलं, आकडा सोळावर नेला, की जवळचंही साफ आणि लांबचंही.

"पण मग उजेड कमी येतो," मोहिद्दीन म्हणाला. "म्हणून पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा. तेवढ्यात हात हलला तर सगळं वाया."

"डोक्यावर घागर घिऊन दीड कोस चालल्याय मी. हात न्हाई हलायचा."

पहिल्या रोलमध्ये सगळंच हललेलं आलं. हरणाबाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाल्या. कोपरं बरगडीला टेकवायची, श्वास रोखायचा, मग बटण दाबायचं. दारातली बादली आणि समोरच्या दुकानाची पाटी, असं जवळ-लांब धरून त्या रिकामा कॅमेरा तासभर खटखट वाजवत बसायच्या.

शेजारचे घड्याळवाले नानासो एकदा डोकावले. "काय मोहिद्दीन, आता बायका लग्नाचं फोटो काढणार व्हय? आमी काय भाकऱ्या थापायच्या?"

"शिकवते की," कॅमेऱ्यातून डोळा न काढता हरणाबाई म्हणाल्या. "या उद्या, पीठ घिऊन."

नानासो पुन्हा फिरकले नाहीत. मोहिद्दीनला त्या दिवशी ही बाई मनापासून आवडली.

श्राद्धाच्या दिवशी पहाटेच्या एसटीने त्या एकट्या गेल्या, कॅमेरा पदराखाली धरून. मोहिद्दीनचं दिवसभर गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. बाई मार खाऊन येते की काय, या धास्तीने त्याला जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्या आल्या. कॅमेरा शाबूत होता, त्याही शाबूत होत्या.

"एकच निघाला," त्या म्हणाल्या. "समद्यांनी पळापळ केली."

रोल धुऊन, वाळवून त्याने त्यांना डार्करूममध्ये बोलावलं. तांबड्या दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात सोडला आणि दोघं वाकून बघत राहिले. हललं असतं तर चार एकर गेली होती. पुढच्या वर्षी कोण असली पंगत घालणार?

आधी पत्रावळी उमटल्या. मग माणसं. भात कालवताना थांबलेला एक हात. तोंडाचा आ वासलेला लालासाहेब. अर्धवट उठलेला नाथाजी. तलाठी मांडी घालून तसाच बसलेला, घास ओठाशी. सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे, आणि चेहरे पांढरेफटक.

मोहिद्दीन हसला. "एका बाईच्या हातात कॅमेरा बघून एवढी घाबरली ही माणसं?"

हरणाबाई हसल्या नाहीत. "पाठीमागं बघा. भिंतीवरची बाई साफ आली का?"

भिंत सगळ्यात शेवटी उमटली. आधी झेंडूचा हार आला, मग चौकट. मोहिद्दीनने चिमट्याने कागद उचलून दिव्याजवळ धरला.

हाराच्या आतून हरणाबाईच त्याच्याकडे बघत होत्या.