दोनच बर्थ

“दोनच बर्थ? नक्की?” क्लाइव्हने तिसऱ्यांदा विचारलं.

“नक्की!” अपूर्व आणि देवयानी एकदमच ओरडले.

क्लाइव्ह एक पाऊल मागे सरकला. लंडनजवळच्या स्लाऊच्या बाहेर, मोटरवेच्या कडेला, तो वापरलेल्या कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, विकायचा. तीस वर्षांच्या धंद्यात कमी जागेसाठी एवढं जीव तोडून भांडणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. याच पैशात चार बर्थवाली मिळत होती. तिचं वजन यांच्या छोट्या गाडीला झेपणारं होतं. शिवाय तिचा फ्रीजही चालू होता. आणि ही दोघं हटून बसली होती ओल्या टॉवेलचा वास मारणाऱ्या एका डबीसाठी. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर श्वास घ्यायचा.

“तिसरा माणूस आत मावतच नाही ना?” अपूर्वने खात्री करून घेतली.

“नाही,” क्लाइव्ह ओशाळून म्हणाला.

“जमिनीवर?” देवयानीने विचारलं.

“मांजर झोपेल.”

“पॅक करा,” ती म्हणाली.

हाउन्सलोचं घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, एअरपोर्टपासून फक्त बारा मिनिटं. त्या वेळी त्यांना ते सुख वाटलं होतं. तीन वर्षांत सत्तेचाळीस पाहुणे झाले. पुण्याहून न्यूयॉर्कला जाणारे. न्यूयॉर्कहून पुण्याला जाणारे. फ्लाइट चुकलेले, आणि फ्लाइट न चुकताही आलेले. एकदा तर एक बाई आठवडाभर राहून गेली, आणि ती गेल्यावर दोघांना कळलं की ती दोघांपैकी कुणाचीच नातेवाईक नव्हती. नवराबायकोला धड भांडायचं असलं तर ते जुनं कार्डबोर्ड गाडीत भरून रिसायकलिंग सेंटरच्या रांगेत जायचे आणि काचा वर करून भांडायचे.

गेल्या शनिवारी त्याच रांगेत देवयानी शांतपणे म्हणाली होती, “मला सिंगापूरचं पोस्टिंग मिळतंय. बँक हॉलिडेची सोमवारची सुट्टी संपली की हो-नाही कळवायचंय. त्याआधी चार दिवस मला तू पाहिजेस, अपूर्व. फक्त तू. जमलं तर मी नाही म्हणते. नाही जमलं तर मी जाते, एकटी.”

ती शांतपणे बोलली, म्हणून अपूर्व घाबरला. म्हणून ही कॅरॅव्हॅन.

आणि म्हणूनच शशिधरकाकांना इथे आणायचं नव्हतं. अपूर्वच्या वडिलांचे हे चुलतभाऊ मार्चमध्ये टोरांटोला जाता जाता दोन दिवसांसाठी उतरले होते. आता ऑगस्ट होता. माणूस सोन्यासारखा. भाजी निवडायचे, कुठल्या दिवशी कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा ते त्यांना तोंडपाठ होतं. पण घरातून निघताना ते बूट घालून दारात उभेच होते. “वाहन घ्यायचं आणि घरातलं वडीलधारं माणूस सोबत नको? असं कसं चालेल?”

दुकानात आल्या आल्या त्यांनी बूट काढून पिशवीतल्या कोल्हापुरी घातल्या. मग प्रत्येक कॅरॅव्हॅनच्या पायरीशी त्या नीट जोडीने काढून ठेवायच्या, आत जायचं, गादीवर आडवं होऊन बघायचं, असा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. सहा बर्थवालीत तर ते वीस मिनिटं होते. बाहेर आले ते डोळे चोळतच.

“अरे, तुमची ही फारच बारकी आहे,” ते डबी बघून म्हणाले. “ती मोठी का नाही घेत?”

अपूर्व घाईने म्हणाला, “मनात खूप आहे हो काका. पण आपली गाडी ती ओढणार नाही. आणि बजेट पण नाही.”

“नाहीतर तुम्हाला सोडून गेलो असतो का आम्ही?” देवयानीने वरून तूप सोडलं.

 चष्मा काढून काकांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला. दोघं सह्या करायला ऑफिसात गेली, तेव्हा ते बाहेर क्लाइव्हला काहीतरी विचारत होते. इरिगेशन खात्यातून रिटायर झालेला माणूस. टायरची हवा विचारत असेल, असं अपूर्वला वाटलं.

शुक्रवारी डबी ताब्यात घ्यायला दोघांनी हाफ डे टाकला. काका घरी नव्हते, फिरायला गेले असावेत. टेबलावर चिठ्ठी ठेवून दोघं चोरासारखी निघाली. मोटरवेवर देवयानीने रेडिओ लावला आणि चक्क गुणगुणली. अपूर्वला रडूच यायचं बाकी होतं.

दुकानात त्यांची डबी जागेवर नव्हती. तिथे गवताचा फक्त पिवळा चौकोन उरला होता. शेजारी सहा बर्थवाली उभी होती. तिला झेंडूचा हार होता. पुढे एक अगडबंब गाडी जोडलेली. अपूर्वच्या चुलतभावाची, अतुलची. स्लाऊला राहणाऱ्या अतुलची.

अपूर्वची नजर पायरीवर गेली. चपला-बुटांचे चार जोड. पहिला कोल्हापुरी.

“आलात?” खिडकीतून काकांनी डोकं काढलं. “त्या दिवशी देवयानी म्हणाली ना, नाहीतर तुम्हाला सोडून गेलो असतो का? डोळ्याला डोळा लागला नाही रे माझा. म्हटलं, पोरांचं अडलंय कुठे? गाडी आणि बजेट. मग गाडी अतुलची, बजेट माझं! ती डबी परत देऊन हीच घेतली. अतुल, त्याची सीमा, त्यांची लेक सान्वी, मी आणि तुम्ही दोघं. सहाच्या सहा भरले बघ.”

आतून सीमाने विचारलं, “देवयानी, पोहे टाकू का गं?”

 देवयानीने पर्समधून फोन काढला. “सिंगापूर,” ती अपूर्वच्या कानाशी पुटपुटली.

काकांना एरवी दारावरची बेल ऐकू यायची नाही.

“सिंगापूर?” त्यांचा चेहरा फुलला. “वा, वा! पण घर एअरपोर्टजवळच बघ हं.”