आदराचा तास

मॅडमनी निळा कोट दोन बोटांच्या चिमटीत धरून विद्यार्थिनीच्या अंगावर टाकला. "घाल. आज तू झाडूवाली रुग्ण. खांदा आखडलाय, लिहिता-वाचता येत नाही आणि आपण सांगतो ते डोक्यात शिरत नाही."

कोट कॉलेजात झाडलोट करणाऱ्या मावशींचाच, सकाळी मागून आणलेला. दमट, फिनाइलचा वास मारणारा. मॅडमनी लगेच जंतुनाशक हातावर चोळलं, मग फळ्यावरच्या विषयाखाली ठसठशीत रेघ मारली: 'रुग्णाच्या राहणीचा आदर'. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ऑक्युपेशनल थेरपीचं शेवटचं वर्ष. अधू झालेल्या माणसाला आपली रोजची कामं पुन्हा आपल्या हातानं करता यावीत, एवढंच शिकायचं. पोरगी या प्रात्यक्षिकात एकदा आपटली होती. आज पुन्हा आपटली तर वर्ष पाण्यात. तिने मुकाट्याने कोट चढवला.

"अशी ताठ काय उभी? वाक जरा."

ती वाकली. पाय फरफटत चालली, "जी मॅडम, जी मॅडम" करत तोंड वेंगाडलं, डोकं खाजवलं. वर्ग खो खो हसला. हसू ऐकून तिला चेव आला आणि तिने बाहीला नाक पुसलं. मॅडमनी वीसपैकी अठरा दिले.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर मावशी उभ्या होत्या. दाराला ही मोठी काच. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मॅडम, कोट द्या. मुकादम फेरीला निघालाय. अंगावर नसला तर घरी पाठवेल."

"दोन मिनिटं थांबा ना, तुमच्याच आदराचा तास चाललाय," मॅडम गोड हसल्या. "बघितलंत ना? जमलं का हिला?"

मावशींनी पोरीकडे नीट पाहिलं. "जमलं की. फक्त मी घरी अशी वाकत नाही."

वर्ग पुन्हा हसला. "छान अभिप्राय," म्हणत मॅडमनी तो वहीत टिपला. पोरीला मात्र त्या हसण्याची किळस आली, मॅडमच्या गोड आवाजाची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची. तिने कोट ओरबाडून काढला आणि मान खाली घालून मावशींना दिला.

मावशींनी उजवा हात बाहीत घातला. डावा काही वर जाईना. त्यांनी दात आवळून पुन्हा हात उचलला, पुन्हा तो अर्ध्यात अडकला. म्हणजे मॅडमनी खांदासुद्धा मावशींचाच उचलला होता. उपचाराला नाही, धड्याला. वर्गात पंचवीस होऊ घातलेले थेरपिस्ट, आणि सगळे वह्या दप्तरात कोंबत होते.

आधी दुखरा हात घालायचा, मग बरा. हे पहिल्याच वर्षी शिकवलेलं. पोरगी पुढे झाली.

"मावशी, उजवा काढा, आधी डावा घाला. मी बाही धरते."

मावशी एक पाऊल मागे सरल्या. रिकामी बाही पाठीमागे लोंबत राहिली.

"राहू दे, बाळ," त्या म्हणाल्या. "तास संपला ना तुमचा?"