अर्ध्याचं अर्धं

"आज राजीनामा देणार म्हणजे देणार, ब्रह्मदेव आला तरी थांबणार नाही!" असं बायकोला ठणकावून गवारे गुरुजी शाळेत आले. अठरा वर्षांत शिकवलं कमी, साहेबांच्या ग्रुपवर खिचडीचे फोटोच जास्त टाकले होते.

"गुरुजी, पाव म्हणजे अर्ध्याचं अर्धं कसं हो?" चौथीतल्या तेजलने विचारलं. हाताशी दुसरा कागद नव्हता. गुरुजींनी खिशातला राजीनामाच फाडला. आधी दोन, मग चार, मग आठ तुकडे.

पोरांनी अक्षराला अक्षर जुळवून टेबलावर कागद पुन्हा लावला. "हां! आठ मिळून अख्खा एक!" तेजल किंचाळली. गुरुजींना भरून आलं. "उद्या भाकरीचे सोळा करू!" म्हणत त्यांनी कितीतरी वर्षांनी हौसेने फोटो काढला, ग्रुपवर टाकला.

साहेबांनी फोटो मोठा करून वाचला आणि राजीनामा मंजूर केला.